ठिपक्यांच्या रेघेबाहेरचा पाया

मास्टरांनी त्या दिवशी ठरवलं, की इंजिनिअरबाईंना एकही प्रश्न विचारायचा नाही. बस, एवढंच. माणसं याहून कितीतरी मोठे निर्णय घेतात आणि त्यातून काही बिघडत नाही. (मास्टरांनी लग्नसुद्धा एक कप चहा संपेपर्यंत ठरवून टाकलं होतं आणि ते अजून टिकून आहे. श्रेय कुणाचं, हा प्रश्न त्या घरात कुणी काढत नाही.) पण हा न विचारण्याचा निर्णय मात्र मागच्या अंगणात थेट गळ्याइतका खोल गेला.

मास्टर म्हणजे टेलरमास्टर. चौकातल्या त्यांच्या दुकानात अर्ध्या गावाचे शर्ट आणि सूट बेतले जात. गळ्यात टेप, कानामागे खडू, आणि डोक्यात एक पक्की समजूत: गिऱ्हाईकाला दुसऱ्यांदा विचारलं, की त्याचा आपल्यावरचा विश्वास उडतो. एकदा माप घेतलं की घेतलं. ही समजूत कापडाच्या बाबतीत त्यांना आजवर निभावून नेत आली होती.

खोलीचा विषय निघाला तो सासूबाईंमुळे. सासूबाई तिसऱ्या मजल्यावर एकट्याच राहायच्या, लिफ्ट नव्हती, आणि गुडघ्यांनी आता साफ संप पुकारला होता. थोरल्या मेहुणीने फोनवर सांगून टाकलं, “आईला मी माझ्याकडे घेऊन जाते. तुमच्याकडे तिला ठेवायला जागा कुठाय?” मेहुणीचं गाव रात्रभराच्या प्रवासाच्या पलीकडे. मास्टरांची बायको तेव्हा कपड्यांच्या घड्या घालत होती. ती एवढंच म्हणाली, “तिकडे गेली की वर्षातून एकदा दिसेल.” आणि पुन्हा घड्या घालायला लागली. एरवी ती एक गोष्ट चारदा बोलायची. आता ती एकदाच बोलली होती.

“मागच्या अंगणात खोली बांधू,” ते म्हणाले. “खालीच. एकही पायरी नाही. मेहुणीला कळवून टाक, आई इथेच राहणार.”

बायकोने हातातली चादर खाली ठेवली आणि त्यांच्याकडे असं काही बघितलं, की मास्टरांना आपण उंचापुरे असल्याचा भास झाला. मेहुणीने अट घातली: काम सुरू झालेलं दिसलं तर ठीक, नाहीतर ती स्वतः येऊन आईला घेऊन जाणार. आता खोली होणं भागच होतं.

तर मग इंजिनिअरबाई आल्या. हुशार बाई, पण बोलण्याचा वेग असा, की शिवणयंत्राने ऐकून लाजावं. त्यांना पुढे दुसऱ्या साइटवर जायचं होतं. दुकानातल्या कापायच्या टेबलावर त्यांनी मंजूर झालेला नकाशा पसरला आणि बोटाने भराभर दाखवत सुटल्या.

“ही प्लॉटची हद्द, ही बिल्डिंग लाइन, मधला तो सेटबॅक. प्लिंथ एवढी, लिंटेल या लेव्हलला, आणि बाकीची ओपन स्पेस. बांधकाम बिल्डिंग लाइनच्या आत, बाहेर गेलं की एन्क्रोचमेंट. कळलं ना?”

“कळलं की,” मास्टर म्हणाले.

“काही शंका?”

“शंका कसली? सगळं स्पष्ट आहे.”

बायको कोपऱ्यात बटणं निवडत बसली होती. ती म्हणाली, “अहो, सेटबॅक म्हणजे काय ते विचारा ना.”

“ते मी तुला घरी समजावून सांगतो,” मास्टर घाईघाईने म्हणाले. इंजिनिअरबाई हेल्मेट उचलून गेल्यासुद्धा.

घरी त्यांनी समजावून सांगितलंही. सेटबॅक म्हणजे घराची मागची बाजू. बॅक म्हणजे मागे. “मग सेट कशाला?” असं बायकोने विचारल्यावर, “ती बाजू एकदा सेट झाली की हलवता येत नाही म्हणून,” असं उत्तर त्यांनी जेवता जेवता दिलं. त्या आठवड्यात दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला हे नवे शब्द फुकटात ऐकायला मिळाले. प्लिंथ म्हणजे जमिनीपासून वर उचललेलं घराचं जोतं आणि लिंटेल म्हणजे दारावरची आडवी तुळई, हे ज्यांना माहीत होतं त्यांनी मास्टरांचं “आमच्याकडे लिंटेलवर पाय पुसूनच आत यायचं” हे वाक्य मोठ्या सभ्यपणे ऐकून घेतलं. शिवायला टाकलेलं कापड मास्टरांच्याच ताब्यात होतं, तेव्हा वाद घालण्यात अर्थ नव्हता.

पण शब्दांनी घात केला नाही. घात केला रेघांनी.

नकाशावर अंगणाच्या तीन बाजूंनी दोन-दोन रेघा होत्या. बाहेरची ठसठशीत, सलग. आतली ठिपक्याठिपक्यांची. मास्टरांनी नकाशा टेबलावर घेतला, चष्मा पुसला आणि त्यांना हसूच आलं. हे तर त्यांचं रोजचं काम! कापडावर ते स्वतः अशाच दोन रेघा ओढतात. ठिपक्यांची रेघ शिलाईची, सलग रेघ कात्रीची. मधलं कापड म्हणजे माया, ती आत मुडपायची. त्या मायेवरच तर कपडा टिकतो. “शेवटी काय,” ते बायकोला म्हणाले, “घर काय आणि कोट काय, बेतायची पद्धत एकच.”

“एकदा बाईंना फोन करून विचारा तरी.”

“अगं, नकाशा वाचायला येतो मला. आयुष्यभर दुसरं काय केलं?”

म्हणजे मास्टरांच्या हिशेबाने सलग रेघेपासून ठिपक्यांपर्यंत सगळी भिंतच होती. एवढी जाड? होय, एवढी जाड. त्यांना क्षणभर आश्चर्य वाटलं, मग कौतुक वाटलं. हल्लीची इंजिनिअरमंडळी मजबुतीचा किती विचार करतात! (शिवाय सासूबाईंना पहाटे मोठ्याने रेडिओ ऐकायची सवय होती. मधे चांगली भरभक्कम भिंत असलेली बरी, हा विचार त्यांच्या मनाला अगदीच शिवला नाही असं नाही.)

गवंडी होता तो कधीही नाही न म्हणणारा माणूस. त्याला चंद्रावर जिना बांध म्हटलं असतं, तरी त्याने वाळू किती लागेल ते सांगितलं असतं.

“मास्टर, एवढ्या रुंदीचा पाया?”

“एवढ्याच रुंदीचा.”

“हद्दीला चिकटून?”

“सलग रेघेवर. नंतर आत मुडपायचंय.”

“भिंत मुडपायची?”

“नकाशात आहे तसं.”

गवंड्याने नकाशाकडे एकदा आणि मास्टरांच्या गळ्यातल्या टेपकडे एकदा पाहिलं. “मग होईल की,” तो म्हणाला आणि त्याने माणसं कामाला लावली.

आणि झालं. अंगणाच्या तिन्ही बाजूंनी, माणूस आडवा झोपेल इतका रुंद आणि उभा राहिला तर फक्त डोकं दिसेल इतका खोल चर खणला गेला. मधोमध स्वयंपाकघराच्या दाराला चिकटून एक जमिनीचा तुकडा उरला, आणि त्यावर कपडे वाळत घालायचा खांब एकटाच उभा. बाजूच्या गल्लीतून अंगणात येणारं फाटक होतं, तिथून आत पाऊल टाकलं की माणूस थेट चरात. बायको दुपारी धुतलेले कपडे घेऊन दारात आली आणि बादलीसकट थबकली.

“अहो, हे काय?”

“पाया!” मास्टर खालून म्हणाले. ते चरात उतरून टेपने मापं घेत होते.

“आणि खोली कुठं आहे?”

“मधली. जिथे तू उभी आहेस ती.”

बायकोने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. “एवढ्याशा खोलीला एवढा पाया? आईला खोलीत ठेवायचंय की किल्ल्यात?”

शेजारचे औषधदुकानवाले वरच्या खिडकीतून हे सगळं पाहत होते. त्यांची कंपाउंडची भिंत चराच्या अगदी काठावर आली होती आणि त्यांना तिच्या भविष्याची काळजी वाटायला लागली होती. “मास्टर, पोहण्याचा तलाव करताय का?” त्यांनी विचारलं.

“सेटबॅक!” मास्टरांनी अभिमानाने वर ओरडून सांगितलं.

औषधदुकानवाल्यांना सेटबॅक म्हणजे काय ते नीट माहीत होतं. मोकळी सोडायची जागा. त्यांनी खिडकी लावली आणि बांधकाम खात्यात फोन केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काँक्रीटची गाडी यायची होती. गवंड्याने सगळं ठरवलं होतं: गाडी गल्लीतून येणार, फाटकातून नळी आत टाकणार, आणि चर भरून टाकणार. त्याच सकाळी बायको सासूबाईंना टॅक्सीत घालून घेऊन आली. मेहुणीला काम दाखवायचं तर आधी आईने पाहायला हवं, हा तिचा हिशेब. सासूबाई काठी टेकत गल्लीतून फाटकापाशी आल्या. आत जायला जागाच नाही. मग बायकोने घरातून खुर्ची आणली आणि बरोब्बर फाटकाच्या तोंडावर मांडली. सासूबाई तिच्यावर ठाण मांडून बसल्या आणि चराकडे बघत राहिल्या. चरातून मास्टरांचं डोकं वर आलं. (उंचीने बेताचे असल्याने ते एका विटेवर उभे होते, नाहीतर तेही दिसलं नसतं.)

“या, आई! कशी वाटते खोली?”

“जावईबापू, तुम्हाला बाहेर काढायला कुणाला बोलवायचं?” सासूबाईंनी विचारलं.

तेवढ्यात बांधकाम खात्याचे इन्स्पेक्टर आले. सडपातळ माणूस, काखेत फाइल, चेहऱ्यावर सकाळपासून दहा भांडणं ऐकल्याचा थकवा. सासूबाईंच्या खुर्चीशेजारून त्यांनी आत मान घातली.

“शेजाऱ्यांची तक्रार आलीय. हे काय चाललंय?”

खात्याने काम थांबवलं, की मेहुणी दुसऱ्या दिवशी गाडीत बसणार, हे बायकोला आणि मास्टरांनाही पक्कं माहीत होतं. पण मास्टरांना त्याच वेळी वाटलं, की आपल्याशी शेवटी एक जाणता माणूस बोलतोय. त्यांनी घसा साफ केला.

“पाया आहे, साहेब.”

“पाया? हद्दीवर?” इन्स्पेक्टरांनी पेन काढलं. “पाया हद्दीवर असेल तर मला काम बंद करावं लागेल.”

“नाही नाही, तसा पाया नाही. बेसमेंट म्हणा.”

“तळघर? तळघराची परवानगी कुठाय?”

“नाही हो! प्लिंथ. प्लिंथ आहे ही.”

इन्स्पेक्टरांनी चरात वाकून पाहिलं. “प्लिंथ जमिनीच्या वर असते. तुम्ही खाली आहात.”

“मग लिंटेल.”

इन्स्पेक्टरांनी सवयीने वर आभाळाकडे पाहिलं. “दार कुठाय?”

गल्लीच्या तोंडाशी भोंगा वाजला. काँक्रीटची गाडी आली होती. तिचा पोटासारखा डबा गरगर फिरत होता. ड्रायव्हर मान बाहेर काढून ओरडला, “ओ आजी, खुर्ची बाजूला घ्या!”

“आजी कुणाला म्हणतोस?” सासूबाई मागे न बघता म्हणाल्या. “माझी खोली बघितल्याशिवाय मी इथून उठणार नाही. आणि खोली कुठे दिसत नाहीये.”

“ही ओपन स्पेस आहे साहेब,” मास्टरांनी शेवटचा जोर लावला.

“ओपन स्पेसमधे खणलंय म्हणजे तर आणखीच...” इन्स्पेक्टर शब्द शोधत थांबले.

“एन्क्रोचमेंट!” मास्टर उत्साहाने म्हणाले. सगळ्या नव्या शब्दांत त्यांना हा सर्वात भारदस्त वाटायचा. “एन्क्रोचमेंट म्हणा ना सरळ!”

बायकोने कपाळावर हात मारला. इन्स्पेक्टरांचं पेन कागदाच्या वर जागच्या जागी थांबलं. नोकरीच्या एवढ्या वर्षांत लोक त्यांच्यासमोर रडले होते, भांडले होते, एकाने तर कुत्रा सोडला होता. पण आपणहून अतिक्रमण कबूल करणारा, आणि तोही हसतमुखाने, हा पहिलाच माणूस त्यांना भेटला होता.

“अहो, तुम्हाला एन्क्रोचमेंट म्हणजे काय माहीत आहे का?”

मास्टरांनी तोंड उघडलं. “कळलं की” हे शब्द ओठांवर आले होते. पण त्यांची नजर बायकोकडे गेली. ती आईच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी होती, जणू कुणी ती खुर्ची आत्ताच परगावी नेणार होतं.

“नाही,” ते म्हणाले. “नाही माहीत. खरं सांगायचं तर यातलं काहीच माहीत नाही.”

गल्लीत गाडीचा डबा गरगरत राहिला.

“साहेब,” सासूबाई काठी पुढे करत म्हणाल्या, “मी सांगते हे काय आहे. खड्डा आहे तो. माझ्या जावयाने खणलेला खड्डा. काल खणला.”

इन्स्पेक्टरांनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. “आत काँक्रीट टाकलंय?”

“नाही.”

“सळया?”

“नाही.”

“विटा?”

“एक आहे. जावई उभे आहेत तिच्यावर.”

इन्स्पेक्टरांच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा काहीतरी हललं. त्यांनी पेनाला टोपण घातलं. “मग हे बांधकामच नाही. मालकाने स्वतःच्या अंगणात खड्डा खणला आणि पुन्हा बुजवला, तर मला त्यात लिहिण्यासारखं काही नाही. पण,” त्यांनी गाडीकडे बोट दाखवलं, “ती आत आली, की खड्ड्याचा पाया होणार. आणि पाया झाला, की मी आलोच.”

बायकोने पदर खोचला आणि गल्लीत धावली. तिने ड्रायव्हरला काय सांगितलं ते कुणाला ऐकू आलं नाही, पण गाडी उलट्या तोंडाने, भोंगा न वाजवता, सुमडीत परत गेली. गवंडी मागून “होईल की, होईल की” म्हणत तिच्याबरोबरच दिसेनासा झाला.

मग इन्स्पेक्टरांनी नकाशा मागवला. “हे तुम्ही वाचलंत कसं, ते तरी सांगा.” मास्टरांनी चरातूनच कानामागचा खडू काढला आणि इन्स्पेक्टरांच्या कोटाची बाही जवळ ओढून तिच्यावर दोन रेघा ओढल्या. ठिपक्यांची शिलाईची, सलग कात्रीची, आणि मधली आत मुडपायची. इन्स्पेक्टर आधी बाहीकडे बघत राहिले, मग चराकडे, आणि मग असे हसायला लागले, की त्यांना सासूबाईंच्या खुर्चीचा आधार घ्यावा लागला.

“म्हणजे तुम्ही जमीन आत मुडपत होतात!”

“हो.”

“अहो, ठिपक्यांच्या आत बांधायचं आणि बाहेरची पट्टी मोकळी सोडायची. एवढंच आहे ते. ही सलग रेघ म्हणजे तुमची हद्द. ती कापायची नसते.”

“एवढंच?” मास्टर म्हणाले. त्यांना एकदम इतकं हलकं वाटलं, की ते विटेवरून घसरलेच आणि क्षणभर कुणालाच दिसेनात. वर बायको फाटकाच्या खांबाला टेकून खाली बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. तिच्या आईने तिच्या डोक्यावर हात ठेवला. “रडतेस कशाला? मी कुठे चाललेय?” असं त्या म्हणाल्या, आणि मग बायको खरंच रडली.

मास्टरांना बाहेर काढायला इन्स्पेक्टरांनी एक हात धरला आणि दुसरा औषधदुकानवाल्यांनी. (ते खिडकीतून पाहून लगबगीने खाली आले होते, कारण आपल्या फोनमुळे कुणी माणूस गाडला जावा अशी त्यांची इच्छा नव्हती.) बाहेर येताच मास्टरांनी त्यांना मिठी मारली. “तुम्ही तक्रार केलीत म्हणून वाचलो! एक तास उशीर झाला असता, तर सगळं काँक्रीट भरून बसलं असतं!” औषधदुकानवाल्यांना हा टोमणा वाटला. ते पुढे बरेच दिवस मास्टरांना बघून रस्ता बदलत राहिले. मास्टर मात्र मनापासून आभार मानायला त्यांच्यामागे जात राहिले.

चर बुजवायला मास्टर स्वतः उतरले. मग इंजिनिअरबाई आल्या, त्यांनी स्वतः खुंट्या ठोकल्या, दोऱ्या बांधल्या, आणि या वेळी बायको त्यांच्याशेजारी वही न घेता, नुसती कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि प्रत्येक गोष्ट विचारत गेली. प्लिंथ म्हणजे कुठून कुठे? लिंटेल कशाला लागतं? सेटबॅक कशासाठी सोडायचा? इंजिनिअरबाईंना बोलण्याचा वेग कमी करावा लागला आणि त्या म्हणाल्या, की असं विचारणारी मंडळी त्यांना फार आवडतात. मास्टर मागे उभे राहून ऐकत होते. त्यांना कितीतरी गोष्टी पहिल्यांदाच कळल्या, पण त्यांनी चेहऱ्यावर तसं दाखवलं नाही.

खोली झाली. ठिपक्यांच्या आत, हवेशीर, एकही पायरी नसलेली. मेहुणी बघायला आली, भिंतींवरून हात फिरवून पाहिला, आणि काहीही न बोलता परत गेली. हे तिचं मोठंच कौतुक होतं. सासूबाई राहायला आल्या. भिंत काही फार जाड झाली नाही, त्यामुळे पहाटेचा रेडिओ मास्टरांना आता शब्दन् शब्द ऐकू येतो. पण स्वयंपाकघरातून मायलेकींच्या गप्पाही ऐकू येतात, आणि बायको पुन्हा एक गोष्ट चारदा बोलायला लागली आहे, हे ऐकून मास्टरांचा जीव भांड्यात पडतो.

एका दुपारी सासूबाईंनी त्यांना हाक मारली. “जावईबापू, खिडकीला पडदे हवेत.”

मास्टरांची छाती फुगली. इतके दिवस घरात ज्याची त्याची चेष्टा सहन केली, आता शेवटी त्यांच्या हातचं काम निघालं होतं. त्यांनी गळ्यातला टेप सर्रकन ओढला. “आत्ता माप घेतो!”

“नको नको. माप इंजिनिअरबाई घेऊन गेल्या.”

“बरं, मग कापड बेततो.”

“तेही नको. तुम्ही फक्त हे कापड त्या स्टेशनजवळच्या टेलरकडे टाकून या.” सासूबाईंनी पिशवी त्यांच्या हातात दिली, आणि ते दारापर्यंत पोचले असतील नसतील, तोच मागून हाक मारली. “आणि हो, त्याने काही विचारलं, तर तुम्ही उत्तर देऊ नका. त्याला माझा फोन नंबर द्या.”